चावी दिल्यानंतर

सप्रेम आशीर्वाद,

तुझं पत्र मिळालं. वर्षानुवर्षं उघड्यावर झोपणाऱ्या गृहस्थांना तुम्ही खटपट करून खोली मिळवून दिली, आणि महिना उलटायच्या आत ते पुन्हा जुन्या जागी झोपायला गेले. त्यावर फाइलमध्ये शेरा पडला, 'घरात राहण्याची तयारी नाही.' हा शेरा खरा मानायचा का, असं तुझं विचारणं आहे.

मानू नकोस. ती फाइल माझ्या हातात आली असती तर मी एकच गोष्ट पाहिली असती. चावी दिल्यानंतरच्या नोंदी किती आहेत? त्या दिवसापर्यंत अर्ज, ओळखपत्र, शिफारसपत्र, भाडेकरार अशी पानंच्या पानं भरलेली असतात, आणि मग थेट 'खोली सोडली'. मधल्या दिवसांत काय झालं ते कुणालाच ठाऊक नसतं, कारण तोवर आपण पुढच्या माणसाच्या अर्जामागे लागलेलो असतो.

'तयारी' ही कल्पना जुनी आहे. आधी रात्रनिवारा, मग वसतिगृह, मग व्यसन सोडून आणि औषधं नियमित घेऊन दाखवायची, आणि सगळ्यांत शेवटी घर, अशी पायरीपायरीनं चढवणारी पद्धत अनेक ठिकाणी रूढ होती, अजूनही आहे. एक पायरी चुकली की माणूस पुन्हा तळाशी. ज्यांना सर्वांत जास्त गरज, तेच तिच्यात सर्वांत आधी गळतात. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञानं 'पाथवेज टू हाउसिंग' ही संस्था सुरू करून हा क्रमच उलटा केला. गंभीर मानसिक आजार असलेल्या, बऱ्याचदा व्यसनही जडलेल्या माणसांना रस्त्यावरून थेट स्वतंत्र घरात नेलं. दारू सोडण्याची अट नाही, उपचारांची सक्ती नाही. अटी मुख्यतः दोनच. उत्पन्नाचा साधारण ३० टक्के भाग भाड्यापोटी द्यायचा आणि कार्यकर्त्याला नियमित भेटायला येऊ द्यायचं. हीच पद्धत पुढे 'हाउसिंग फर्स्ट', म्हणजे 'आधी घर', म्हणून जगभर गेली. पण लोकांना त्यातलं बिनशर्त घर तेवढं लक्षात राहिलं. भेटींची अट मागे पडली. मला विचारशील तर या पद्धतीचा अर्धा जीव त्या भेटींत आहे.

कॅनडानं २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक माणसांवर याचा मोठा अभ्यास केला. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत हाउसिंग फर्स्टच्या गटातली ६२ टक्के माणसं पूर्ण काळ घरात होती. नेहमीची मदत मिळणाऱ्या गटात हेच प्रमाण ३१ टक्के होतं. फरक दुपटीचा. मात्र व्यसन आणि मानसिक त्रास दोन्ही गटांत साधारण सारखेच कमी झाले. तेव्हा घर मिळालं की दारू आपोआप सुटते, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून दे. घर दिलं तर माणूस घरात राहतो, एवढंच सिद्ध झालं आहे, आणि ते पुरेसं आहे. अजून एक आकडा पाहा. त्याच सहा महिन्यांत, उत्तम मदत मिळूनही, १६ टक्के माणसं एकही दिवस घरात नव्हती. तुझे गृहस्थ पहिले नाहीत.

आता ते का गेले असतील, ते पाहू. पहिली शंका मला रात्रीची येते. रस्त्यावर आजूबाजूला माणसं असतात, आवाज असतो, कोण येतं-जातं ते कळतं. तिथं जागरूक राहूनच माणूस जगलेला असतो. त्याला एकदम चार भिंतींत घातलं की शांतता अंगावर येते. कितीतरी जण पलंग सोडून दारापाशी जमिनीवर झोपतात, दिवा चालू ठेवतात, सामान बांधलेलंच ठेवतात. यात वेड काही नाही. पण आपण जातो कधी? कार्यालयाच्या वेळेत, भर दुपारी, आणि 'सगळं ठीक' लिहून येतो. पहिल्या काही आठवड्यांत निदान एखादी भेट दिवेलागणीनंतरची ठेव. आणि दिवसा ते जुन्या जागी सोबत्यांकडे जाऊन बसत असतील तर बसू देत. त्या भेटींची अपयश म्हणून नोंद करू नकोस.

दुसरी शंका पाहुण्यांची. ज्यांनी थंडीपावसात आपल्याला जागा दिली, सामान राखलं, त्यांना दारातून परत कसं पाठवायचं? आधी एक येतो, मग तिघं येतात, भांडणं होतात, शेजारी चिडतात. कधीकधी पाहुणेच खोली बळकावतात आणि करार ज्याच्या नावावर आहे तोच बाहेर झोपतो. तक्रार मात्र त्याच्याच नावे येते. हे बोलणं चावी देण्याआधी व्हायला हवं. कोण आलेलं आवडेल, कुणाला नाही म्हणणं जड जाईल, ते विचारून घे. 'संस्थेचा नियम आहे, रात्री कुणाला ठेवता येत नाही' असं सांगायची सोय त्यांना हवी असेल तर खुशाल देऊन टाक. वाईटपणा आपण घ्यावा. (नियम खरोखर असायची गरज नाही. हे तुझ्या वरिष्ठांना सांगू नकोस.)

घरमालकाचं वेगळं सांगायला नको, तरी सांगते. त्याला असा एक नंबर दे जो खरोखर उचलला जातो. रागाची नोटीस निघण्याआधी त्याचा साधा फोन तुझ्याकडे यावा. भाडं परस्पर जमा करायचं असेल तर भाडेकरूची संमती घेऊन कर.

ही मदत किती दिवस चालवायची, यालाही उत्तर आहे. न्यूयॉर्कमध्येच निवारा सोडून घरी जाणाऱ्या, गंभीर मानसिक आजार असलेल्या पुरुषांसाठी नऊ महिन्यांची एक रीत बसवली गेली. 'क्रिटिकल टाइम इंटरव्हेन्शन' असं तिचं नाव. तिचे तीन टप्पे आहेत. सुरुवातीला कार्यकर्ता घट्ट सोबत असतो. मग दवाखाना, नातेवाईक, शेजारी हे आधार खरोखर टिकतात का ते पाहतो. शेवटी हळूहळू बाजूला होतो. १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १८ महिन्यांत या माणसांच्या बेघर रात्री सरासरी ३० भरल्या, फक्त नेहमीची मदत मिळालेल्यांच्या ९१. मदत नऊ महिन्यांनी थांबली होती, तिचा परिणाम त्यानंतरही टिकला.

तुझे वरिष्ठ म्हणतील, एवढं सगळ्यांसाठी कोण करणार? रास्त प्रश्न आहे. सगळ्यांसाठी करायचंच नाही. रँडल कुन आणि डेनिस कल्हेन या संशोधकांनी १९९८ मध्ये न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या निवाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ८० टक्के माणसं थोड्या दिवसांसाठी येऊन निघून जाणारी निघाली. त्यांना बहुधा अनामत रकमेची किंवा एखाद्या कागदाची मदत पुरते. वर्षानुवर्षं राहणारे सुमारे १० टक्के, पण निवाऱ्यातले जवळपास निम्मे दिवस त्यांचेच. सघन मदत या थोड्यांसाठी राखायची असते, आणि तिच्यात एका कार्यकर्त्यामागे साधारण दहाच माणसं धरतात. तुझ्याकडे चाळीस असतील तर भांडण फाइलवरच्या शेऱ्याशी घालू नकोस, त्या चाळिसांच्या आकड्याशी घाल.

आता करायचं काय. पहिल्यांदा करार जिवंत आहे का ते बघ. चार रात्री बाहेर झोपणं म्हणजे घर सोडणं नव्हे, घरमालकाशी बोलून महिनाभर सांभाळून घेता येतं. मग त्यांना भेटायला जा, फॉर्म न घेता. बोस्टनमध्ये १९८५ साली जिम ओ'कॉनेल हे तरुण डॉक्टर बेघरांच्या दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा बार्बरा मॅकिनिस या परिचारिकेनं त्यांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावला आणि येणाऱ्यांचे पाय धुवायला बसवलं. पाय धुताना माणसं हळूहळू बोलायला लागतात. तूही सुरुवातीला खोलीचा विषय काढू नकोस. तब्येत विचार, त्यांना काय हवं ते ऐक. नंतर कधीतरी विचार, त्या खोलीत सगळ्यांत अवघड वेळ कुठली होती?

एकटेपणा हेच कारण निघालं तर त्यांना तीच खोली नको असेल. फिनलंडमध्ये २००८ पासून हेलसिंकीतले जुने निवारे बदलून स्वतंत्र सदनिका केल्या गेल्या. दाराला स्वतःचं कुलूप, करार स्वतःच्या नावावर, आणि कर्मचारी त्याच इमारतीत चोवीस तास. तुमच्याकडे असं काही असेल तर दुसरं घर तिथं शोध. दुसरं घर द्यायचं का, असं कुणी विचारलं तर हाउसिंग फर्स्टची मूळ रीत दाखव. घर गेलं तरी कार्यकर्ता जात नाही. तो पुढचं घर शोधायला लागतो, गरज पडली तर तिसरंही.

भेट झाली की कळव. घरमालक काय म्हणाला तेही लिही.

तुझी,
ताई