आगीत होरपळलेली मॉडिफाय जीप घरच्या शेडमध्ये दुरुस्त करता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: जुन्या मॉडिफाय जीपला बोनेटखाली आग लागली, आता घरीच दुरुस्त करू की भंगारात घालू?

आधी एक करा, तिला धुऊ नका. बॅटरीची वायर सोडवा, मग सगळ्या बाजूंनी फोटो काढा. माझी महिंद्राची एमएम 540 जीप जळाली तेव्हा मी शहाणपणा करून दुसऱ्याच दिवशी प्रेशर मारला आणि उष्णता कुठवर पोचली होती याचा सगळा पुरावा गटारात घालवला. नशिबाने मुलीने आदल्या रात्री चार फोटो काढून ठेवले होते, पुढे त्यांच्यावरच भागवलं.

जळालेली गाडी आपलं तापमान स्वतःच सांगते. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरची झाळ (सोल्डर) साधारण 200 ते 300 अंशांत सुटते. शिसं 327 अंशांना वितळतं, जस्त 420 ला, अॅल्युमिनियम 660 ला. माझ्या बॅटरीची शिशाची टोकं ओघळून गेली होती, पण अल्टरनेटरचं अॅल्युमिनियम जागेवर होतं. म्हणजे उष्णता साधारण या दोन आकड्यांच्या मध्ये होती, भट्टी झाली नव्हती. तुमच्याकडे अॅल्युमिनियम ठिबकलं असेल, तर आजूबाजूचा एकही भाग विश्वासाचा धरू नका.

चेसिसचं, म्हणजे खालच्या सांगाड्याचं, साधं पोलाद लाल होईतो तापलं तरी थंड झाल्यावर बरीचशी ताकद परत मिळवतं, पण तापलेलं असताना वाकलं तर वाकलंच. ते घरी तपासता येतं. जीप सपाट फरशीवर लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) घ्या, चेसिसच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडा, खडूने खुणा करा आणि तिरपी मापं (समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली अंतरं) जुळवा. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं गणित वेगळं आहे. पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-थंड करून कडक केलेलं पोलाद आहे ते, एकदा पाणी उतरलं की आपोआप परत येत नाही. एका बाजूची कमान बसकी दिसली तर दोन्ही बाजूंचे पाटे बदला. ब्रेकचे होज, ऑइल सील, हबचं ग्रीस यांवर डोकं चालवू नका, सरळ नवीन घ्या.

इंजिनच्या हेडबाबत, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाबाबत, मला शंका होती. घरी सरळपट्टी ठेवून फट दिसली, म्हणून कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर दिलं. पत्रा, वायरिंग, रंग हे सगळं शेडमध्ये जमलं. फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) आणि इंजिनचा डिझेल पंप मात्र त्या-त्या माणसाकडेच.

आगीनंतरचा दुसरा शत्रू धूर. वायरच्या पीव्हीसीचं आवरण जळताना हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो, दमट हवेत त्याचं आम्ल होतं आणि न जळलेल्या भागालाही गंज धरतो. एबीसी अग्निशामकाची पावडरही ओल लागली की धातू खाते. म्हणून फोटो झाले, खुणा झाल्या की मगच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि उघड्या पत्र्याला लगेच रेड ऑक्साइड मारा. राखेत हात घालताना जाड रबरी हातमोजे हवेतच. काही खास रबरी सील जळाले की अवशेषातलं आम्ल कातडीत शिरतं.

वायरिंगला जोड देऊ नका, अख्खा हार्नेस (वायरांचा जुडगा) बदला. न जळलेल्या दिसणाऱ्या वायरचं आवरणही कडक झालेलं असतं, आतलं तांबं पुढे हातभर काळं निघतं. माझी आग तरी कशाने लागली? मीच हौसेने 60 वॉटच्या जागी 100 वॉटचे हॅलोजन टाकले होते, तेही मूळच्या बारीक वायरवर आणि मूळच्या स्विचवरून. दोन दिव्यांचा करंट 10 अँपिअरवरून 17 च्या जवळ गेला. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पावणेतीन पटीच्या आसपास! आता रिले आहे (दिव्यांचा मोठा करंट स्विचमधून न नेता वेगळा जोडणारा), आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज.

डिझेलची टाकी झाळायची वेळ आली तर ती रिकामी ठेवून टॉर्च लावू नका. रिकाम्या टाकीतली वाफच उडते. बाहेर काढून पाण्याने भरा, झाळायच्या जागेएवढीच मोकळी सोडा.

विमा असेल तर मिस्त्रीच्या आधी विमा कंपनीच्या सर्व्हेअरला बोलवा. खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान धरतात. मॉडिफिकेशन आरसीवर आणि पॉलिसीत नसेल तर क्लेमला अडचण येते, हे आधीच गृहीत धरा.

माझ्या जीपला सात महिन्यांचे रविवार लागले. तुमच्या चेसिसची तिरपी मापं जुळली तर उतरा कामात.