उसातलं तणनाशक पोटात गेलं, आज तिसरा दिवस. भाऊ चांगला बोलतोय, पण क्रिएटिनीन (किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढतं ते) वाढलंय. घरी नेलं तर चालेल का?

तणनाशक कुठलं ते कळेपर्यंत नेऊ नका. तुम्ही नुसतं 'उसातलं तणनाशक' लिहिलंय. आधी डबा शोधा.

आम्ही निपाणीकडचे. चुलत्यांनी खोपटातल्या बाटलीतलं पाणी समजून एक घोट घेतला नि थुंकला. कुणीतरी पंपाचं उरलेलं औषध तीत ओतून ठेवलं होतं. पोलीस केस होईल म्हणून काकूनं डबा उकिरड्यात पुरला! दवाखान्यात आम्ही 'काहीतरी तणनाशक' एवढंच सांगत बसलो. रात्री दहाला माझ्या भावानं बॅटरीच्या उजेडात तो उकरून काढला. लेबलावर पॅराक्वाट डायक्लोराइड २४ टक्के. तोवर सहा तास गेले होते. पोलीस आले, कन्नडमध्ये जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला नि गेले. एवढ्याची धास्ती.

ग्लायफोसेट, टू-फोर-डी, पॅराक्वाट, सगळ्यांना आपण तणनाशकच म्हणतो. उपचार मात्र वेगवेगळे. पॅराक्वाटवर उतारा नाही. ते लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनीला लवकर मार बसतो. किडनी थकली की विष रक्तात जास्त वेळ राहतं, नि फुप्फुसं ते ओढून घेतात. चुलतेही तिसऱ्या दिवशी बोलत होते. तोंड सोललेलं, तरी चहा मागायचे. डायलिसिसनं नंतर क्रिएटिनीन उतरायला लागलं, आम्ही देवाला नारळ फोडला, नि त्याच आठवड्यात त्यांना दम लागायला लागला. अकराव्या दिवशी गेले. तुमच्या भावाचं असंच होईल असं नाही. किती पोटात गेलं नि उपचार किती लवकर मिळाले, यावर बरंच ठरतं.

डबा सापडला नाही तर पॅराक्वाटसाठी लघवीची तपासणी होते का विचारा. डायथायोनाइट नावाचं रसायन घातल्यावर लघवी निळी झाली, तर ते आहे. 'ऑक्सिजन लावा' म्हणून डॉक्टरांच्या मागं लागू नका, आम्ही लागलो होतो. या विषात जादा ऑक्सिजननं फुप्फुसं आणखी बिघडतात. पातळी फार उतरली तरच ते देतात. दिल्लीच्या एम्सचं विषमाहिती केंद्रही डॉक्टरांना सल्ला देतं.

नि भाऊ मुद्दाम प्यायला असेल, तर तेही लपवू नका. त्याला न रागावता रात्री कुणीतरी जवळ बसा.