रत्नागिरीतल्या सरकारी कार्यालयाला पर्यावरणपूरक वस्तू घ्यायच्या असतील, तर 'सर्वांत कमी दर' आड येतो का?

फारसा नाही. ज्याच्याकडून खरेदी होते तो 'एल-1' म्हणजे तांत्रिक छाननीत टिकलेल्यांपैकी सर्वांत कमी दर देणारा. त्यामुळे खरी मेख विनिर्देशात, म्हणजे वस्तू कशी हवी याच्या तांत्रिक अटींत, असते आणि तिथेच बहुतेक जण जुनं निविदापत्र जसंच्या तसं उचलतात. राज्याची खरेदी नियमपुस्तिका 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाची आहे. तिच्या चौकटीत राहून अटी लिहा, पण ब्रँडचं नाव नको, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप आलाच म्हणून समजा.

पंखे-एसीला बीईई तारांकन, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे वीजबचतीचे तारे, मागा. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांतही ही अट आहे. राज्याला हे नियम लागू नसले तरी खरेदीच्या टिपणीत दाखला म्हणून चालतात. थर्माकोलची ताटं-पेले 2018 पासून राज्यात बंदच आहेत, तिथे वेगळा वाद नाही.

किनाऱ्यावरची गोष्ट जरा वेगळी. खाऱ्या हवेत साधं लोखंडी कपाट तळाच्या कडेपासून पोपडे धरतं, मग निर्लेखन (म्हणजे ते निकामी ठरवून नोंदीतून काढणं) आणि पुन्हा खरेदी. म्हणून गंजरोधक लेप आणि गंजाविरुद्ध लेखी हमी मागा. दर थोडा चढेल, पण माझ्या मते हीच सगळ्यांत 'हरित' अट. पायपुसणी मात्र काथ्याचीच घ्या; सिंधुदुर्गात ती सहज मिळतात.