750 चा कार्ब्युरेटर घालू का?

प्रश्न: माझी 1972 ची शेवरोले आहे, 350 क्युबिक इंचाचं म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-एट इंजिन, सगळं मूळचं, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. कार्ब्युरेटर रोचेस्टरचा क्वाड्राजेट, आणि तो आता फार त्रास देतोय. गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो, आयडलिंग वरखाली होतं, एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर अडखळते. मित्र म्हणतात सरळ 750 सीएफएमचा डबल पंपर (दोन अ‍ॅक्सिलरेटर पंपांचा कार्ब्युरेटर) घाल, गाडी उडेल. घालू का?

उत्तर: नका घालू. आधी साधा हिशोब करू. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा आत जाऊ शकते तो आकडा. इंजिनाचे क्युबिक इंच गुणिले जास्तीत जास्त आरपीएम, भागिले 3456. तुमचे 350 आणि आरपीएम 5500 धरले तर 557 येतात, आणि तेसुद्धा सिलिंडर शंभर टक्के भरले तर. मूळचं इंजिन साधारण 80-85 टक्के भरतं, म्हणजे गरज 470 च्या आसपास. 600 चा कार्ब तुम्हाला भरपूर झाला.

मोठा घातला तर बिघडतं काय? कार्ब्युरेटर पेट्रोल ढकलत नाही हो, व्हेंचुरीतून म्हणजे आतल्या अरुंद घशातून हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो आणि त्या ओढीने पेट्रोल वर येतं. घसा मोठा केला की कमी आरपीएमला हवा संथ होते, ओढ कमी पडते, पेट्रोल उशिरा येतं आणि नीट फवाऱ्यासारखं न येता थेंबाथेंबाने येतं. म्हणजे आत्ता जे अडखळणं आहे ते कमी व्हायच्या ऐवजी वाढायचीच शक्यता जास्त.

आता तुम्ही म्हणाल, माझा क्वाड्राजेटच 750 चा आहे की! बरोबर, बहुतेक क्वाड्राजेट त्याच मापाचे. पण त्याचे पुढचे दोन घसे अगदी छोटे असतात आणि मागच्या मोठ्या घशांवरचा एअर व्हॉल्व्ह इंजिन जेवढी हवा मागेल तेवढाच उघडतो, त्यामुळे तो आकडा इंजिनाच्या डोक्यावर बसत नाही. डबल पंपरमध्ये सेकंडरी, म्हणजे मागच्या घशांच्या झडपा, थेट लिंकेजने उघडतात, तुम्ही पाय दाबला की उघडल्या, इंजिन तयार असो वा नसो. हलकी गाडी, मॅन्युअल गिअर, रेसिंग, तिथे तो शोभतो. जड ऑटोमॅटिक गाडीला व्हॅक्यूम सेकंडरीच घ्या, म्हणजे इंजिनाच्या ओढीनुसार मागच्या झडपा उघडणारा.

पण खरं सांगू, मला अजून नवीन घ्यायची घाई वाटत नाही. तुमची लक्षणं जुन्या क्वाड्राजेटची ओळखीची दुखणी आहेत. उभ्या गाडीत फ्लोट बाउलमधलं, म्हणजे कार्बच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल खालच्या वेल प्लगमधून (तळाच्या बुचांतून) झिरपून जातं, म्हणून स्टार्टिंगला त्रास. अ‍ॅक्सिलरेटर पंपाचं रबर कडक झालं किंवा इथेनॉलवाल्या पेट्रोलने फुगलं की पाय दाबताच गाडी अडखळते. आणि आयडलिंगसाठी थ्रॉटल शाफ्ट (खालच्या झडपा फिरवणारा दांडा) हाताने हलवून बघा, दोन्ही टोकांना खुळखुळ लागते का. इंजिन चालू ठेवून शाफ्टच्या टोकाशी कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा (गरम एक्झॉस्टवर उडू देऊ नका, पेट घेईल), आरपीएम बदलला तर तिथून हवा खेचतोय हे नक्की. त्यावर नुसतं रिपेअर किट टाकून काही होत नाही, शाफ्टच्या झिजलेल्या भोकांत बुश (छोट्या नळ्या) बसवावे लागतात. बॉडीला तडा नसेल आणि बुश बसवणारा चांगला माणूस असेल तर मी हाच कार्ब दुरुस्त करीन, कारण मॅनिफोल्ड (ज्यावर कार्ब बसतो तो भाग), केबल, एअर क्लीनर सगळं त्याच्याच मापाचं आहे.

बदलायचाच ठरलं तर होलीचा 600 व्हॅक्यूम सेकंडरीवाला किंवा एडेलब्रॉकचा 1406, तोही 600 चाच. मात्र तुमचा मॅनिफोल्ड स्प्रेडबोअर आहे, पुढची भोकं लहान मागची मोठी, आणि हे दोन्ही कार्ब स्क्वेअरबोअर, चारही भोकं साधारण सारखी. मधे अ‍ॅडॅप्टर लागेल, त्याने उंची वाढते, बॉनेट लागतं का ते आधी एअर क्लीनरवर मातीचा गोळा ठेवून बघा. ऑटोमॅटिकची किकडाउन केबल (पाय पूर्ण दाबला की खालचा गिअर पाडणारी) नव्या कार्बला नीट जुळली पाहिजे, यात चालढकल करू नका. इलेक्ट्रिक चोकची वायर इग्निशन ऑन केल्यावर पूर्ण 12 व्होल्ट येणाऱ्या जागेवरून घ्या, कॉइलवरून नको, तिथे रेझिस्टन्स वायरमुळे व्होल्टेज कमी मिळतं.

प्रश्न: 2 लिटरच्या जुन्या चार सिलिंडर गाडीला नवा वेबर 32/36 कार्ब्युरेटर बसवला, पण सारखा ओव्हरफ्लो होतोय. पीस खराब आला का?

उत्तर: बहुतेक नाही, आधी पेट्रोलचं प्रेशर मोजा. वेबरला 2.5 ते 3.5 पीएसआय पुरतं, आणि बाहेरून लावलेले बरेच इलेक्ट्रिक पंप 5 ते 7 देतात. तेवढ्या जोरापुढे पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह टिकत नाही, पेट्रोल वरून वाहतं. रेग्युलेटर आणि गेज लावा. तरी थांबलं नाही तर फ्लोटची लेव्हल तपासा, आणि नीडलच्या सीटवर कचरा अडकलाय का ते बघा. नवा कार्ब बसवताना जुन्या पाइपातला रबराचा भुगा तिथे जाऊन बसणं नेहमीचंच आहे, म्हणून पाइप आणि फिल्टरही नवेच टाका.