कूबर पीडीचा मुक्काम: एकट्याने गाडी चालवणाऱ्यासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून उलुरूच्या लाल खडकापर्यंत भाड्याच्या साध्या पेट्रोल गाडीने एकट्यानेच जायचं आहे, वाटेत ओपल या रत्नाच्या खाणींचं गाव म्हणून कूबर पीडीला एक रात्र थांबायचं आहे. ॲडलेडहून कूबर पीडीला एका दिवसात पोचता येईल का, आणि तिथे काय सांभाळायचं?

एका दिवसात पोचायचा बेत सोडा. आणि कूबर पीडीला एक नाही, दोन रात्री ठेवा. बाकी सगळे सल्ले या दोन गोष्टींनंतर.

ॲडलेड ते कूबर पीडी अंतर ८४६ किलोमीटर आहे. महामार्गावर ताशी ११० किलोमीटरची मर्यादा धरली तरी थांबे मिळून दहा-अकरा तास लागतात. जुलैत तिथे उजेडच जेमतेम साडेदहा तास, सहाच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे शेवटचे दोन तास नेमके कांगारू चरायला रस्त्याकडेला येतात त्या वेळी सापडणार. पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेला जाणाऱ्या या महामार्गाला, म्हणजे स्टुअर्ट हायवेला, बराच भाग कुंपण नाही, त्यामुळे गुरंही मध्ये येतात. शिवाय अनेक भाडेकरारांत गावाबाहेर रात्री चालवताना झालेलं नुकसान विम्यात धरलेलं नसतं. ते कलम गाडी ताब्यात घेण्याआधी वाचा. कच्च्या रस्त्याचं कलमही तिथेच सापडेल.

म्हणून पहिली रात्र पोर्ट ऑगस्टाला काढा, ॲडलेडहून साधारण ३१० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी साडेसातला निघालात तर उरलेले ५४० किलोमीटर दुपारी दोन-तीनपर्यंत संपतात. किराणा पोर्ट ऑगस्टालाच भरा, पुढे महाग आणि मोजकाच मिळतो. पिण्याचं पाणी किमान १० लिटर, तेही एकाच कॅनमध्ये नको, दोन-तीनमध्ये विभागून.

पेट्रोलचा हिशेब आधी मांडा. ११०च्या वेगाने, समोरून वारा असताना लहान एसयूव्ही १०० किलोमीटरला ९ ते १० लिटर सहज पिते. टाकी ५० लिटरची असेल तर ५०० किलोमीटरला कोरडी, आणि टप्पा ५४०चा आहे. पोर्ट ऑगस्टाला टाकी पूर्ण भरा. पुढचे पंप म्हणजे पिंबा सुमारे १७० किलोमीटरवर, तिथून ग्लेंडॅम्बो आणखी ११३. ग्लेंडॅम्बोनंतर कूबर पीडीपर्यंत जवळपास २५० किलोमीटर एकही पंप नाही, म्हणून तिथे टाकी अर्धी असली तरी भरूनच पुढे निघा. आदल्या दिवशी फोन करून पंप चालू असल्याची खात्री करून घ्या. मध्य ऑस्ट्रेलियात बऱ्याच पंपांवर साध्या अनलेडेड (शिसं नसलेल्या) पेट्रोलऐवजी ‘लो ॲरोमॅटिक’ पेट्रोल दिसेल. वास घेऊन नशा करण्याला आळा बसावा म्हणून ते आणलंय, साध्या अनलेडेडवर चालणाऱ्या गाडीला चालतं.

पिंब्यानंतर महामार्ग वूमेराच्या लष्करी चाचणी क्षेत्रातून जातो. हायवे आणि त्याचे अधिकृत थांबे सोडून आत वळायचं नाही.

रोड ट्रेनबद्दल, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेल्या ट्रकबद्दल, जरा सविस्तर, कारण एकट्या चालकाची घाई इथेच नडते. या गाड्या ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. ती १००ने आणि तुम्ही ११०ने जात असाल तर वेगातला फरक सेकंदाला पावणेतीन मीटर. तिची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर धरून शंभरेक मीटर पुढे जायला ३५ ते ४० सेकंद लागतात, तेवढ्यात तुम्ही सव्वा किलोमीटर कापता. समोरून येणाराही तितकंच अंतर कापतो. म्हणजे अडीच किलोमीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर पुढच्या थांब्यावर दहा मिनिटं चहा घ्या. समोरून रोड ट्रेन आली की वाऱ्याचा धक्का बसतो, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा. रस्त्यावर मेलेलं जनावर दिसलं की वेग कमी करा. त्यावर बसलेला गरुड जड असतो, उठायला वेळ घेतो आणि थेट काचेवर येऊ शकतो. जिवंत जनावर आडवं आलं तर सरळ रेषेत ब्रेक दाबा. स्टिअरिंग झटकलं की गाडी उलटते, आणि एकट्याला ते फार महागात पडतं.

गावांच्या मधल्या पट्ट्यात मोबाइल बहुतेक बंद असतो. टेलस्ट्राचं सिम घ्या. त्याच नेटवर्कवर चालणाऱ्या स्वस्त कंपन्यांना त्याची पूर्ण व्याप्ती मिळतेच असं नाही. उपग्रहावर चालणारा आपत्कालीन बीकन भाड्याने मिळाला तर जरूर घ्या. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबा. आकाशातून शोधणाऱ्याला चालणारा माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

आता गाव. १९१५मध्ये इथे ओपल सापडला आणि उन्हाळ्यातल्या ४५ अंशांपासून वाचायला लोक जमिनीखाली राहू लागले. स्थानिक आदिवासी भाषेतून आलेल्या नावाचा अर्थही ‘गोऱ्या माणसाचं बीळ’ असा सांगतात. चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना या शहाणपणाची किंमत कळेल. डगआउटमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या या घरांत, वर्षभर साधारण २३ ते २५ अंश असतात. वेरूळसारखाच खडकात कोरलेला निवारा, फक्त इथे वालुकाश्म आहे आणि आत पलंग आहे. निदान एक रात्र डगआउटमध्येच झोपा. खिडकी नसते, हवा वरच्या नळीतून येते आणि दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही, म्हणून टॉर्च उशाशी ठेवा. कोंडल्यासारखं वाटत असेल तर दाराजवळची खोली मागा. खाली नेटवर्क नसतं, तेव्हा घरी निरोप वर असतानाच पाठवा. जुलैत तिथलं घड्याळ भारताच्या चार तास पुढे असतं.

खरा धोका खाणींचा. शाफ्ट म्हणजे आपल्याकडच्या आडासारखी उभी भोकं, साधारण मीटरभर रुंद आणि ३० मीटरपर्यंत खोल. त्यांना कठडा नसतो आणि वापरून झाल्यावरही ती उघडीच राहतात. शेजारी पांढऱ्या मातीचा ढीग असतो, फोटो काढायला लोक त्यावर चढतात आणि चौकट बसवायला मागे सरकतात. म्हणूनच तिथल्या फलकांवर ‘मागे चालू नका’ असं लिहिलेलं आहे. खाणीच्या रानात स्वतःहून, आणि अंधारात तर मुळीच, उतरू नका. आतून बघायला संग्रहालय केलेल्या जुन्या खाणी आहेत. उमूना आणि ओल्ड टायमर्स, दोन्ही पाहा.

मातीत ओपल शोधायचाच असेल तर ज्वेलर्स शॉप रोडवर लोकांसाठी राखलेली जागा आहे. याला तिथे नूडलिंग म्हणतात. लहान खुरपं, चाळणी आणि पाण्याची फवारणीची बाटली पुरे. तिरक्या उन्हात दगड ओला करून फिरवायचा. रंग चमकला तर ओपल, नुसता दुधी-करडा राहिला तर पॉच, त्याला किंमत नाही. ढिगाच्या पायथ्याशी कोरू नका, वरचा भाग अंगावर येतो.

विकत घेताना दगड कडेने बघा. सलग एकच पदार्थ असेल तर सॉलिड, काळ्या पाठीवर पातळ थर असेल तर डब्लेट, वर पारदर्शक टोपी असेल तर ट्रिप्लेट. ट्रिप्लेट पाण्यात बुडवत ठेवलं तर जोडात पाणी शिरून धुरकट होतं. अंगठी रोज वापरायची असेल तर सॉलिडच. एकाच दुकानात ३०० डॉलरच्या वर खरेदी झाली आणि ६० दिवसांत देश सोडणार असाल तर विमानतळावर जीएसटी परत मागता येतो. बिल आणि वस्तू दोन्ही हातातल्या सामानात ठेवा.

दुसरी रात्र का, तर कान्कू-ब्रेकअवेजसाठी. गावाच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर रंगीत टेकड्यांचा हा भाग आहे, महामार्ग सोडल्यावर रस्ता कच्चा, पास आधी काढावा लागतो. ही तिथल्या आदिवासींची पवित्र भूमी आहे, म्हणून आखून दिलेल्या जागा सोडून फिरू नका. तिथला सूर्यास्त सगळे सुचवतात, पण परतीचे ३० किलोमीटर अंधारात येतात. सूर्यास्त पाहायचाच असेल तर गावातून निघणारी टूर घ्या, आणि करारात कच्चा रस्ता वगळलेला असेल तर कोणत्याही वेळी टूरच. स्वतःच्या गाडीने गेलात तर सकाळी जा. पाऊस पडला की कच्चे रस्ते बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो.

जेवणाची चिंता नको. खाणीसाठी आलेल्या ग्रीक, इटालियन, सर्बियन लोकांमुळे पिझ्झा आणि सॅलड मिळतं, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. गावचं पाणी बोअरचं, खारेपणा काढून पुरवलेलं असतं. कॅन भरायला नाण्यांवर चालणारं यंत्र आहे, सुटी नाणी जवळ ठेवा.

तिसऱ्या सकाळी उजाडल्यावर निघा. मार्ला २३३ किलोमीटरवर, तिथे टाकी भरा. त्या रात्री एर्लडंडाला थांबा, उलुरू दुसऱ्या दिवशी. परतीला साऊथ ऑस्ट्रेलियात शिरण्याआधी गाडीतली फळं खाऊन संपवा; फळमाशीमुळे ती आणायला मनाई आहे.