वयाच्या पन्नाशीनंतर, परदेशात राहून मराठी कादंबरी लिहिता येते का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. वय ५२, जर्मनीत १९ वर्षं झाली, मराठीत कादंबरी लिहायची आहे तर सुरुवात कशी करू. भाषा गंजली असेल तर काय करू. आणि तिकडं राहून इकडचं लिहायचा मला अधिकार आहे का. मी झोपायचं सोडून टाइप करत बसलोय ते तिसऱ्या प्रश्नामुळं. हा 'अधिकार' शब्द मी सात वर्षं माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलाय.

अधिकार वगैरे काही नसतो. कादंबरीला रहिवासी दाखला जोडावा लागत नाही.

मी कोल्हापूरचा. शुक्रवार पेठेत, नदीकडं उतरणाऱ्या बोळात आमचं घर. आबा, म्हणजे वडील, उद्यमनगरातल्या फाउंड्रीत मोल्डर होते, म्हणजे ओतकामाचे मातीचे साचे करायचे. मी डिप्लोमा करून पॅटर्न शॉपला, म्हणजे साच्यासाठीचे नमुने बनवतात तिथं, लागलो, दादानं पुढं स्वतःचं छोटं मशीन शॉप टाकलं. १९९८ साली, ४१ व्या वर्षी, मी बायको-पोरांना घेऊन कॅनडात आलो. हॅमिल्टन हे पोलादाचं गाव, म्हणून वाटलं आपलंच असेल. पण पॅटर्नमेकर म्हणून तिथं कुणी दारात उभं केलं नाही. पहिली सहा वर्षं रात्रपाळीला फेटलिंग केलं, म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा घासत बसायचं. लिहिणं-बिहिणं डोक्यात नव्हतं. शाळेत निबंधाला मला दहापैकी सहाच्या वर कधी मिळाले नाहीत, आणि ते सहासुद्धा बाईंना माझं अक्षर आवडायचं म्हणून.

२०१२ च्या जानेवारीत पाठ धरली. दीड महिना घरी. बाहेर बर्फ, बायको कामावर, पोरं कॉलेजला. एका दुपारी नुसता चाळा म्हणून जुन्या पगाराच्या पावतीच्या मागं आबांच्या फाउंड्रीतल्या माणसांची नावं लिहायला लागलो. मी शाळकरी असताना आबांचा डबा घेऊन जायचो, तेव्हा भट्टीपाशी कोण-कोण असायचं ते आठवून. तेवीस नावं निघाली. काहींची नुसती टोपणनावं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नावापुढं तो माणूस सारखं काय म्हणायचा ते लिहिलं. तिसऱ्या दिवशी कुणाचं कुणाशी जमत नव्हतं ते. तुमच्या 'सुरुवात कशी करू'चं माझं उत्तर एवढंच. कथानक, आराखडा, प्रकरणांची यादी हे सगळं मी नंतर केलं आणि नंतर फेकूनही दिलं. ती पावती अजून आहे.

वयाची काळजी करू नका. इथल्या लायब्ररीतल्या बाईंनी मला पेनेलोपी फिट्झगेराल्ड या इंग्रज लेखिकेचं सांगितलं होतं. त्यांची पहिली कादंबरी साठाव्या वर्षी आली आणि १९७९ चं बुकर त्यांना मिळालं. मी हे लगेच दादाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "ती बाई इंग्लंडात बसून इंग्लंडचंच लिहीत असंल की." आता ह्याला काय बोलणार.

दादाचं म्हणणं थोडक्यात असं: गाव सोडून गेलेल्यानं गावावर लिहू नये. जो इथं राहिला, ज्यानं रस्त्यातले खड्डे, पाण्याचे टँकर आणि आईचं दुखणं काढलं, त्यानं लिहावं. मी म्हणायचो, मग लिही की. तो म्हणायचा, "मला वेळ कुठं हाय? म्हणून तर म्हणतो." मग लेखकांची नावं निघायची. दादा करवीर नगर वाचन मंदिराचा जुना सभासद. १८५० सालची ती संस्था म्हणजे त्याचं माहेरच, वाचन माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. तो रणजित देसाईंचं नाव काढायचा: कोवाडात राहिले, कोवाडातूनच लिहिलं. मी आनंद यादवांचं काढायचो: कागलचे, पण नोकरी पुण्यात विद्यापीठात, आणि तिथं बसून कागलचं लिहिलं. तो म्हणायचा, पुणं काय परदेश हाय व्हय? मी म्हणायचो, कागलच्या माणसाला विचार. खांडेकरांपर्यंत गाडी आली की मी गप्प करायचो, कारण ते मूळचे सांगलीचे, शिरोड्याला शाळेत मास्तर होते आणि कोल्हापुरात आले १९३८ साली. म्हणजे आमच्या गावाचा सगळ्यात मोठा लेखक बाहेरूनच आलेला. ज्ञानपीठ मिळालं तेव्हा मात्र कोल्हापूरकर.

हे सगळं हसत-खेळत चालायचं, २०१९ पर्यंत.

आबा ओतकामाच्या वह्या ठेवायचे. कारखान्याच्या नव्हेत, स्वतःच्या. त्या दिवशी काय ओतलं, किती माल फुकट गेला, बीड (ओतीव लोखंड) कसलं होतं, कोण भाजला, कुणाला किती उसने दिले. एकूण सतरा वह्या, आईच्या कॉटखाली पत्र्याच्या ट्रंकेत. २०१४ च्या भेटीत मी त्यातल्या दोनच वह्यांचे फोटो काढून आणले होते. बाकीच्यांना पुढच्या खेपेला म्हणालो. पुढच्या खेपेला लग्नकार्य निघालं.

२०१९ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. मी हॅमिल्टनमध्ये रात्र-रात्र जागून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पुराची पातळी बघत होतो. इशारा ३९ फूट, धोका ४३, हे कोल्हापूरच्या पोरालाही पाठ असतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, सुतारवाड्यात पाणी आलं का, सगळं माझ्या फोनवर. माझे रात्रीचे साडेदहा म्हणजे त्याचे सकाळचे आठ. मी फोन केला आणि म्हणालो, दादा, ट्रंक वर ने. तो म्हणाला, २००५ ला उंबऱ्याच्या आत थेंब आला नव्हता, आता काय येतोय. पाच तासांनी पुन्हा केला. तेव्हा तो आईला खुर्चीत बसवून दोन पोरांच्या मदतीनं जिन्यानं वर नेत होता. मग सिलिंडर, इन्व्हर्टरची बॅटरी, तांदळाचं पोतं. मी मध्येच म्हणालो, "ट्रंक नेलीस का?"

तो काय म्हणाला ते इथं लिहिता येणार नाही. शेवटचं वाक्य तेवढं लिहितो: "तुला वह्या पायजेत, मला आई."

पातळी त्या खेपेला ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीला महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली. आमच्या घरात छातीएवढं पाणी आणि पुढं आठवडाभर चिखल. वह्यांचा लगदा झाला. दादानं तो वाळत घालायचा प्रयत्न केला म्हणे, गच्चीवर, एकेक पान, पण आबांची शाई पेनची होती.

आम्ही आठ महिने बोललो नाही. चूक कुणाची हे विचारू नका. पाच वर्षांत मला पंधरा वह्यांचे फोटो काढायला एक दुपार मिळाली नाही, हे मला तेव्हा त्याला सांगता आलं नाही. आता इथं अनोळखी माणसाला सांगतोय.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्याचं शॉप बंद पडलं आणि एक दिवस माझ्या फोनवर त्याच्या आवाजातला निरोप आला. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. साडेचार मिनिटं सरळ आबांच्या भट्टीबद्दल. कुपोल्यात, म्हणजे बीड वितळवायच्या भट्टीत, कोक आणि बीड कशा थरानं भरायचे, चुनखडी किती, पहिली धार कशी सोडून द्यायची. मी सगळं उतरवून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक. असे एकोणचाळीस निरोप आले. त्यातला एक मी इथं सांगतो. मोल्डिंगची माती ओलसर पाहिजे, पण जास्त ओली झाली तर गरम धातू पडल्यावर वाफ धरते आणि माल पोकळ निघतो, नाहीतर भडका उडतो. म्हणून जुने मोल्डर मातीचा गोळा मुठीत दाबून मोडून बघायचे; कडा धारदार मोडल्या की पाणी बरोबर. हे मला माहीत होतंच, मी ते तीन प्रकरणांत लिहिलंही होतं. आबा उजव्या हातात माती घेतात, दाबतात, मोडतात. दादा निरोपात म्हणाला, "आबा डाव्या हातानं मोडायचा बापू. उजव्या हाताची दोन बोटं भाजल्यापास्नं त्याला अंदाज येत न्हवता."

मी सोळा वर्षं त्या माणसाच्या हातचा घास खाल्ला आणि उजवा हात लिहिला.

म्हणजे दादा बरोबर होता का? नाही. डावा हात त्याला माहीत होता आणि तरीही त्यानं त्यावर एक ओळ कधी लिहिली नाही. मी चुकीचा हात लिहिला म्हणून तर त्याला बरोबर हात आठवला. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघ, शेवटी तुझंच खरं." त्यामुळं तुम्हाला माझा खरा सल्ला हा: गावात एक माणूस ठेवा जो तुमच्यावर चिडलेला आहे. कौतुक करणारे मित्र उपयोगाचे नाहीत, ते डावं-उजवं बघत नाहीत.

भाषेचं. तुमची भाषा गंजलेली नाही, ती तुम्ही निघालात त्या साली थांबलीय. माझी १९९८ ला थांबली. मी लिहीत होतो १९७४ ते ७९ चं, त्यामुळं मला ते सोयीचंच पडलं. जर्मनीत बसून आजच्या पुण्या-मुंबईच्या पोरांचं लिहाल तर मात्र तोंडघशी पडाल. आमच्या संपादकांना (नाव नको, माणूस सज्जन) हे पटेना. त्यांना 'कोल्हापुरी ठसका' कमी वाटत होता. त्यांनी १९७६ सालच्या मोल्डरच्या तोंडी 'नाद खुळा' घातलं! मी गाव सोडेपर्यंत हा शब्द माझ्या कानावर आलेला नव्हता. मी काढला, त्यांनी पुन्हा घातला. दोन महिने ह्यावर ई-मेल चालले. शेवटी मी दादाला मध्ये घातलं आणि त्यानं त्यांना फोनवर असं काही ऐकवलं की पुन्हा कुणी ठसका मागितला नाही. बाहेरच्यांना कोल्हापुरी म्हणजे प्रत्येक वाक्यात 'लगा' आणि मिसळीवर कट असं वाटतं. आबा दिवसभरात वीस शब्द बोलायचे, त्यातली पाच नावं असायची.

टायपिंगला युनिकोडच वापरा, फोनवर बोलून लिहिलंत तरी चालेल. मात्र छापखान्यात जुन्या फॉन्टमध्ये मजकूर फिरवला की 'ऱ्या'ची वाट लागते, तेव्हा मुद्रितं स्वतः वाचा. माझ्या पुस्तकात 'बंधाऱ्या'चे चार ठिकाणी भलतेच अवतार झाले होते.

प्रकाशकाचं. मी सहा ठिकाणी पाठवलं. तिघांनी उत्तर दिलं नाही, एकानं थेट खर्चाचा आकडा सांगितला, एक म्हणाले विषय चांगला आहे पण फाउंड्रीऐवजी कुस्ती घेता येईल का. सहाव्यांनी घेतलं. ५०० प्रती, २०२२ मध्ये, मी ६५ वर्षांचा. तीन वर्षांत चारशेच्या आसपास गेल्या, त्यातल्या साठेक दादानंच उद्यमनगरात गळ्यात मारल्या असाव्यात. मिळालेल्या मानधनात माझं एका बाजूचं विमानाचं तिकीटही निघत नाही.

आता थोडं पाणी घालतो, कारण वरचं वाचून उद्या नोकरी सोडाल. माझ्याकडं बायकोचा पगार होता आणि शेवटची काही वर्षं पेन्शन. ती दहा वर्षं घरातली भांडी मी घासली नाहीत, हेही ती तुम्हाला सांगेल. शिवाय माझं पुस्तक एकच आहे. दुसरं जमत नाहीये. कॅनडावर लिहायला घेतलं की माझीच माणसं मला ओळखत नाहीत. तेव्हा मी कादंबरीकार झालोय असं समजू नका, मी एक कादंबरी लिहिलीय.

दादाचंही एक ऐकवतो, नाहीतर उत्तर एकतर्फी होईल. पुस्तक वाचून तो म्हणाला, सगळं जरा मोठं झालंय. बोळ रुंद झालाय, आबा उंच झालेत. "श्रिंकेजची पट्टी लावलीस तू." ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बीड थंड होताना मीटरला साधारण दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुळातच तेवढी मोठी आखलेली असते. मी म्हटलं, बरोबर, मग थंड झाल्यावर बघ. तो म्हणाला, वाट बघतोय.

त्यानं माझी प्रत लाल पेन्सिलीनं तपासून परत पाठवली. एकतीस चुका. गेल्या वर्षी नव्यानं छापताना मी तीस दुरुस्त केल्या. एकतिसावी केली नाही: फाउंड्रीच्या फाटकापाशी चहाची गाडी कुठल्या हाताला होती. तो म्हणतो उजव्या. तो तिथून रोज जातो आणि आज गाडी उजव्या हाताला आहे, एवढंच त्याचं म्हणणं. मी आबांचा डबा डाव्या हातात धरायचो आणि चहावाल्याच्या स्टोव्हची झळ त्याच हाताला लागायची. डाव्याच हाताला होती.