ज्ञानेश्वरीच्या ॲपमध्ये वर्डमधली टीप पेस्ट केल्यावर ठळक अक्षरं का जातात?

तुमच्या ॲपच्या टिपेत ठळक-तिरप्याची बटणंच नसतील तर तो रकाना फक्त साधा मजकूर साठवतो, म्हणून वर्डमधली सजावट पेस्ट करताना गळते. ओळी आणि चिन्हं मात्र टिकतात, त्यांच्यावरच भागवायचं. कोल्हापुरात आमच्या पारायण मंडळाच्या टिपा मीच ठेवतो. आमची पद्धत अशी:

- पहिल्या ओळीत फक्त अध्याय.ओवी, मग एक ओळ मोकळी
- मुद्द्याआधी •, शंकेआधी ?
- महत्त्वाचा शब्द *असा*. ॲपमध्ये फुल्याच दिसतात, पण टीप व्हॉट्सॲपवर टाकली की तो ठळक होतो

ठळक दिसणारी अक्षरं बनवून देणाऱ्या ‘फॅन्सी टेक्स्ट’च्या नादी लागू नका, युनिकोडमध्ये (संगणक-मोबाइलवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत) ठळक देवनागरीसाठी वेगळी अक्षरंच नाहीत. आकडेही एकाच लिपीत लिहा, कारण ९ शोधल्यावर 9 सापडेलच असं नाही.

एक सांभाळा: ओव्यांचे क्रमांक सगळ्या प्रतींत सारखे नसतात. राजवाडे प्रतीत (इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी संपादित केलेल्या ज्ञानेश्वरीत) तर ओव्याच प्रचलित प्रतींपेक्षा कमी आहेत. तेव्हा क्रमांकापुढे प्रतीचं नाव आणि ओवीचे पहिले दोन शब्द लिहा.